तीन शिट्ट्यांचे एकवीस किलो

शेठनी मला कामावर घेतलं तेव्हा एकच प्रश्न विचारला. "दहावी झालीय ना?"

ही काय विचारायची पद्धत झाली? "किती शिकलीस?" असं विचारलं असतं तर मी "आठवी" म्हणाले असते, निदान तसा प्रयत्न तरी केला असता. पण उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं, माझ्याकडून फक्त "हो" हवं होतं. आणि नव्या माणसानं पहिल्याच दिवशी शेठला नाही म्हणू नये एवढे संस्कार माझ्यावर झालेले आहेत. मी "हो" म्हणाले. आठवी आणि दहावीत फरक तो किती, दोनचा. मापात थोडं मागेपुढे चालतं असं मला पुढे याच दुकानात शिकवण्यात आलं. तिथं त्याला टॉलरन्स म्हणतात.

आज हे हसून लिहितेय, पण तेव्हा तो "हो" माझ्या पोटात खिळ्यासारखा बसला होता. आमचं गाव किनवटच्या पुढं. शाळा आठवीपर्यंत. नववीला दुसऱ्या गावी जायचं तर एसटी, आणि एसटी आमच्याकडे मनात आलं तर यायची. चार-सहा महिने तिची वाट पाहिली आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. पुढे चुलत बहिणीचे यजमान पनवेलजवळ कळंबोलीत ट्रेलर चालवायला आले, तिच्या सोबतीला म्हणून मी आले. वर्षभरात ती दोघं गुजरातकडे गेली आणि मी विचुंब्यात एका काकींच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिले. आईनं फोनवर एकच अट घातली होती. "काम हाय तवर राहा. काम सुटलं की त्याच दिवशी गाडी धर." म्हणजे दुकानातली नोकरी गेली की पनवेल गेलं, खोली गेली, सगळंच गेलं. मी देवाचे, शेठचे आणि काकींचे रोज आभार मानायचे, आणि रोज घाबरायचे. दोन्ही कामं सकाळी रिक्षात बसल्या बसल्या उरकायची.

दुकान म्हणजे लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची शेड. तिथं पाइप आणि व्हॉल्व्ह तपासतात. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा आणि दहा मिनिटं दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर माल पास, खाली आला तर कुठंतरी गळतंय. दाब चढवायचं काम चाचांचं. साठी उलटलेले, पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले, हात अजून लोखंडी. काटा बघून लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं. मग तेच आकडे कॉम्प्युटरवर एका ठरलेल्या कागदात भरायचे, छापायचे आणि शेठपुढं ठेवायचे. शेठ फोनवर बोलता बोलता सही करायचे. कागद ते कधीच वाचत नसत. त्या कागदाच्या तळाशी "तपासनीस" म्हणून माझं नाव आणि नावाखाली शिक्षण: एस.एस.सी. शेठनी ते पहिल्याच दिवशी टाइप करून ठेवलं होतं, त्यामुळे दर कागदावर आपोआप यायचं. मी एकदाच खोटं बोलले होते, कॉम्प्युटर ते दिवसातून वीसदा बोलायचा.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. दाब एकच, आणि त्याला बोलवायची नावं चार. चाचा सगळं पौंडात बोलायचे. "बेटा, सौ पौंड चढवलेत, लिही." शेठ किलोत. "सात किलोला टेस्ट कर." गिऱ्हाइकाच्या कागदावर असायचा बार. आणि अलीकडे मोठ्या कंपन्यांचे कागद यायला लागले होते त्यांवर मेगापास्कल. आता सात किलो म्हणजेच साधारण शंभर पौंड, म्हणजेच जवळजवळ सात बार, म्हणजेच शून्य पॉइंट सातच्या जरा आत मेगापास्कल. हे आज मी झोपेतही सांगीन. तेव्हा मला वाटायचं की हे चौघं चार वेगवेगळ्या पाइपांबद्दल बोलताहेत.

फोनवर हिशेब होतो, नाही असं नाही. पण हात ओले. आणि फोन सात किलोचे नव्व्याण्णव पॉइंट पाच सहा सांगतो, पुढं अजून शेपूट असतंच. गेजचा काटा काही शेपूट दाखवत नाही. एकदा मी ते सगळं शेपूट रजिस्टरात लिहिलं तेव्हा चाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे प्रेशर आहे की कुणाचा मोबाइल नंबर?"

सुटका झाली ती काकींच्या कुकरमुळे. काकी म्हणजे घरमालकीण. विचुंब्यातल्याच, आगरी, आवाज असा की दोन इमारती पलीकडचा वॉचमन वळून बघायचा. त्यांच्या सुनेनं त्यांना नवा कुकर पाठवला, आणि कुठल्याही वस्तूबरोबर आलेली पुस्तिका मी आधी पूर्ण वाचते, त्यातही धोक्याच्या सूचना दोनदा. तिथं लिहिलं होतं की शिट्टी एक किलो दाबाला, म्हणजे सुमारे पंधरा पौंडांना वाजते. एक शिट्टी, एक किलो, पंधरा पौंड! आणि बार म्हणजे किलोचाच सख्खा भाऊ. इतके दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते एकदम गॅसच्या शेगडीवर येऊन बसलं. मेगापास्कल म्हणजे दहा शिट्ट्या. झालं! रजिस्टराच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीनं तक्ता काढला आणि सगळ्याच्या मधोमध शिट्टी बसवली. कुणी काहीही बोलो, मी आधी त्याच्या शिट्ट्या करायचे आणि मग पाहिजे त्या भाषेत उलटवायचे.

चाचांना हे इतकं आवडलं की ते पौंड विसरले. पंपाचा दांडा हलवता हलवता ओरडायचे, "बेटा, कितनी सीटी?" मी ओरडायचे, "दहा!" बाजूच्या गल्लीतले लोक समजायचे की इथं खानावळ निघाली.

मला तर बदलाबदलीचं व्यसनच लागलं. कंप्रेसरची मोटार पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे पावणेचार किलोवॅट, म्हणजे तासाला पावणेचार युनिट वीज. बिस्किटाच्या पुड्यावर साडेचारशे किलोकॅलरी लिहिलेलं असतं ते म्हणजे अर्धा युनिट. म्हणजे चहाबरोबर अख्खा पुडा संपवला तर त्यात आमचा कंप्रेसर आठ मिनिटं चालेल. हे मी चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग कंप्रेसरला बिस्किटं चार, मला चहा दे."

पण या शिट्टीनं माझ्या डोक्यात एक गोष्ट गुपचूप उलटी बसवली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पुस्तिकेत लिहिलं होतं, एक शिट्टी म्हणजे एक किलो. मग दोन शिट्ट्या म्हणजे दोन किलो, तीन म्हणजे तीन, हे वेगळं छापायची गरज काय? मला तर ते उघडच वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात मी पाच किलोला एका पाइपाच्या तोंडचा वॉशर निसटताना पाहिला होता. तो माझ्या कानाजवळून गेला आणि पत्र्यावर असा आदळला की चाचांनी कलमा म्हटला. तेव्हापासून पाच किलो म्हणजे काय हे मला शाळेत जाऊन शिकायची गरज नव्हती. आणि इकडे काकी दर रविवारी मटणाला सहा-सात शिट्ट्या काढायच्या! सात किलोचं भांडं, तेही स्वयंपाकघरात, आणि शेजारी काका पेपर वाचत बसलेले. काका म्हणजे काकींचे यजमान, तोंडात चारच दात, आणि ते चारही एकमेकांना न भेटणारे.

मी काकींच्या उपकाराखाली दबलेली. डोळ्यांदेखत त्यांचं घर उडू कसं देणार? मी रविवारी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात जायचे आणि दुसरी शिट्टी झाली की हळूच गॅस बंद करायचे. काकी मागच्या दारी भांडी घासत असायच्या. त्यांना वाटायचं, सगळ्या शिट्ट्या झाल्यावरच मी गॅस बंद केला, आपल्यालाच ऐकू आल्या नसतील.

असे चार-पाच रविवार गेले. मटण चामड्यासारखं लागायचं. काकी खाटकाला शिव्या घालायच्या. मग त्यांनी खाटीक बदलला. काका एक तुकडा जेवणभर गालात फिरवायचे आणि शेवटी गुपचूप मांजराला द्यायचे. मांजरही विचार करून खायचं. मी मान खाली घालून भाकरी मोडायचे आणि मनात म्हणायचे, खा बाबांनो, जिवंत आहात ना?

याच दिवसांत दुकानात बारा सेफ्टी व्हॉल्व्ह आले. एरवी आमच्याकडे साधे व्हॉल्व्ह यायचे, हा माल पहिलाच. हवेच्या टाकीवर हा व्हॉल्व्ह बसवतात. टाकीत दाब ठरल्यापेक्षा वाढायला लागला की तो आपोआप उडतो, जादा हवा बाहेर सोडतो आणि परत बसतो. हे बारा सात किलोला उडायला हवे होते. तपासायची रीत अशी की एकेकाला तीनदा उडवून बघायचं, म्हणजे पहिल्यांदा नशिबानं उडाला असं व्हायला नको. चाचांनी हवा चढवली. फट्! "सात!" चाचा ओरडले. पुन्हा फट्! "सात!" तिसऱ्यांदा फट्! "सात! एक नंबर माल आहे बेटा."

मी रजिस्टरात लिहिलं: सात, सात, सात. मग कॉम्प्युटरवर बसले. छापायच्या कागदात तर "किती दाबाला उडाला" याला एकच चौकोन. तीन आकडे एका चौकोनात कसे मावणार? मी जरासुद्धा थांबले नाही. तीन शिट्ट्या झाल्या होत्या. मी बेरीज केली. एकवीस किलो. बाराच्या बारा कागदांवर एकवीस. शेठ फोनवर कुणाला तरी "माल निघालाय, रस्त्यात आहे" सांगत होते. माल दारातच होता. बोलता बोलता त्यांनी बारा सह्या केल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी शेठ आपल्या टेबलावरून म्हणाले, "अगं, त्या सेफ्टी व्हॉल्व्हवाल्यांचा फोन होता. रिपोर्ट कोण बनवतं विचारत होते. सोमवारी त्यांच्या मॅडम येतायत. इंजिनिअर आहेत."

माझ्या हातातला कागदाला भोकं पाडायचा पंच तसाच राहिला. "कशाबद्दल विचारायचंय त्यांना?"

"ते नाही बोलले. रिपोर्टात काहीतरी आहे म्हणाले. तू आहेस ना, बघून घे."

रिपोर्टात काहीतरी आहे! माझ्या दृष्टीनं त्या कागदावर खोटी अशी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या नावाखाली होती. मला दिसायलाच लागलं. मॅडम बोर्डात जाऊन आल्या असणार. सगळ्या दहावी झालेल्यांची वही काढून त्यात माझं नाव शोधलं असणार आणि सापडलं नसणार. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी बॅगेची चेन चालते का बघून घेतली.

रविवारी माझं कशातच लक्ष नव्हतं. कुकर चढला, पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, माझा हात सवयीनं गॅसच्या बटणावर गेला, आणि मागून आवाज आला.

"आवं, इकडं या! चोर घावला!"

काकी दारात उभ्या. हातात ओली परात. मागून काका, पेपरासकट.

"काय गो, तूच करतंस व्हय हे? आन् मी त्या खाटकाला बोल लावला! म्हातारा माझा महिनाभर चामडं चघळतोय!"

मी रडायच्या बेतात. "काकी, मी तुमच्या भल्यासाठीच... सात शिट्ट्या म्हणजे सात किलो प्रेशर. मी दुकानात बघितलंय. घर उडेल हो."

काकींनी आधी काकांकडं बघितलं, मग कुकरकडं. मग परात खाली ठेवून त्या अशा हसल्या की पुढचं बोलायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

"अगो बाय माझे! शिटी वाजते म्हंजे काय व्हते? जास्तीची वाफ भायेर जाते. गेली का जोर परत तेवढाच. पयली शिटी काय आन् सातवी काय, आतमंदी जोर सारखाच हाय. तो वाढत नाय. येल वाढतो, गॅस जळतो, आन् मटन शिजतं! सात शिट्यांनी जोर सातपट झाला असता तं तुझा काका कवाच वर गेला असता."

"म्हंजे मी वर जातो का ते बगाया सात काढायचीस व्हय?" काका म्हणाले.

"तुमी गप बसा. दात नाय तं बोलू नका."

गॅस पुन्हा लागला. मी तिथंच पाटावर बसले. जोर सारखाच. वाढते ती जळलेल्या गॅसची बेरीज, जोराची नाही. दाब एक आणि ऊर्जा वेगळी. मी तिसरी शिट्टी ऐकली, चौथी ऐकली, आणि पाचवीला माझ्या डोळ्यांपुढं तीन सात आले. फट्, फट्, फट्. आणि खाली एकवीस.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? आनंद. खरंच. म्हणजे मॅडम दहावीसाठी येत नव्हत्या! त्या फक्त एकवीससाठी येत होत्या! सहावी शिट्टी होईपर्यंत मी मजेत होते. सातव्या शिट्टीला कळलं की एवढी चूक बघितल्यावर त्या पहिलं काय विचारतील. "बाई, तू शिकलीस तरी किती?"

त्या दिवशीचं मटण लोण्यासारखं झालं होतं म्हणे. काकांनी तीनदा मागून घेतलं. मला आठवत नाही.

सोमवारी मी अर्धा तास आधी दुकानात पोचले आणि चाचांना गाठून सगळं सांगितलं, म्हणजे एकवीसचं. चाचा हसता हसता खोकायला लागले, खोकता खोकता बाकावर बसले.

"तीन दफा सात म्हणून एकवीस! या खुदा! मी चाळीस साल व्हॉल्व्ह उडवतोय, माझं टोटल काढशील का?"

"चाचा, हसू नका. नोकरी जाईल माझी."

ते उठून जवळ आले. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "गेजवर टाक. बोल, गेज खराब होता. गेज काय, बिचारा उठून 'नाही' थोडाच म्हणणार."

विचार वाईट नव्हता. मी गेजकडे बघितलं. काचेतून काटा शून्यावर टेकून बसला होता, अगदी गरीब गायीसारखा.

मॅडम अकराला आल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, डोक्यावर पांढरं हेल्मेट, पायात जाड बूट, हातात आमचेच बारा कागद आणि खोक्यात दोन व्हॉल्व्ह.

"तुमच्या रिपोर्टप्रमाणे हे एकवीस किलोला उडतात. आमची टाकी दहा किलोची आहे. म्हणजे टाकी आधी उडणार आणि मग तुमचा व्हॉल्व्ह. बरोबर?"

शेठनी कागद हातात घेतला आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा वाचला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण माझी बघायची हिंमत नव्हती.

"चढवा," मॅडम म्हणाल्या.

चाचांनी हवा चढवली. फट्. सात. फट्. सात. फट्. सात. दुसरा व्हॉल्व्ह, तसंच. मॅडमनी स्वतःचा गेज आणला होता, तो लावून पुन्हा. तोही सातच दाखवत होता, मेला. म्हणजे गेजवर टाकायची वाटसुद्धा बंद झाली.

"व्हॉल्व्ह उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "मग एकवीस आले कुठून?"

शेठनी चाचांकडे बघितलं. चाचांनी छपराकडे बघितलं.

"मी बेरीज केली," मी म्हणाले.

"कशाची?"

"शिट्ट्यांची."

आता सांगायला लागले तर कुकरपासून सांगावं लागलं. मी सांगितलं. पुस्तिका, एक किलो, दुसऱ्या शिट्टीला बंद केलेला गॅस, सगळं. काकांचे दातसुद्धा सांगून झाले, घाबरले की मला थांबता येत नाही. मॅडम ऐकत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, पण हेल्मेट जरा जरा हलत होतं.

"म्हणजे ताप तीन वेळा मोजला तर तू डॉक्टरला तीनशे सांगणार?"

"नाही हो. ताप मला कळतो."

"शिक्षण किती झालंय तुझं?"

आला. प्रश्न आला. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी शेठ पुढं झाले. त्यांना वाटलं, दुकानाची अब्रू जातेय. छाती पुढं काढून म्हणाले, "दहावी मॅडम! फर्स्ट क्लास!"

हा फर्स्ट क्लास कुठून आला ते मला आजही माहीत नाही. मी तर एवढं मोठं कधी बोलले नव्हते.

"दहावी फर्स्ट क्लास," मॅडम माझ्याकडे बघत हळूहळू म्हणाल्या, "आणि दाबांची बेरीज करतेस?"

ही तर भलतीच पंचाईत झाली! आठवीवाली असते तर माझं सगळं खपून गेलं असतं, लोकांनी उलट कौतुक केलं असतं. दहावीनं मला वाचवायचं तर तिच्यामुळेच मी जास्त ढ ठरले होते.

"बारा रिपोर्ट नवीन करून दे," मॅडम म्हणाल्या. "तीन वेळचे तीन आकडे वेगळे लिही. किलो, पौंड, बार आणि मेगापास्कल, चारही पाहिजेत. आत्ता. मी बसते इथं."

त्या बाकावर बसल्या, चाचांनी चहा सांगितला, मी कॉम्प्युटरपुढं. एका चौकोनाचे तीन चौकोन केले. सात, सात, सात. मग खाली: नव्व्याण्णव पॉइंट सहा पौंड. सहा पॉइंट नऊ बार. शून्य पॉइंट एकोणसत्तर मेगापास्कल. फोनला हात लावला नाही. मागच्या पानावरचा तक्ताही उघडला नाही. मॅडम मागून येऊन बघून गेल्या, स्वतःच्या फोनवर तेच आकडे काढून पाहिले आणि परत जाऊन बसल्या.

मग मी कागदाच्या तळाशी आले. माझं नाव. खाली एस.एस.सी.

चूक दुरुस्त करायलाच बसले होते. बारा कागद नाहीतरी पुन्हा छापायचेच होते. आणि खरं सांगायचं तर, मनात एक लबाड हिशेबही होता: शेठ वाचतात कुठं? सही करून टाकतील, कागद मॅडमच्या पिशवीत जातील, मी खरं लिहिल्याचं पुण्य मला मिळेल आणि कुणाला कळणारही नाही. मी ती तीन अक्षरं पुसली आणि तिथं लिहिलं: आठवी पास. बाराही कागदांवर. छापले. शेठपुढं ठेवले.

आणि शेठ वाचायला लागले.

फोन उलटा ठेवला, चष्मा पुसला, बोट ओळीवर ठेवून पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. एकवीसनं त्यांना असा धडा शिकवला होता की आता ते गिऱ्हाइकाचा पत्तासुद्धा सोडत नव्हते. मी उभी. बोट खाली सरकत होतं. सात, सात, सात, पौंड, बार, मेगापास्कल. माझ्या नावावर आलं. त्याच्या खाली गेलं. थांबलं.

पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"हे काय आहे?" आवाज एकदम हळू, कारण मॅडम चार पावलांवर चहा पीत होत्या.

"ते पण चुकलं होतं शेठ. दोननं."

"चुकलं होतं? अगं मी आत्ता त्यांना फर्स्ट क्लास सांगून बसलोय!"

"ते मी नव्हतं सांगितलं."

"मला काय माहीत, मी आपला..." त्यांनी मॅडमकडे एक नजर टाकली, कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं आता गाडी धरायची. पण माझ्याइतकेच ते घाबरलेले दिसत होते, आणि शेठला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "किती दिवस आहेस तू इथं?"

"दोन वर्षं होतील."

"आणि पाइप कधी चुकला?"

"पाइप नाही. व्हॉल्व्हच चुकले. तेही कागदावर."

"झालं का?" मॅडमनी पेला खाली ठेवला.

शेठनी पेन उचललं. एकेक कागद पुढं ओढून सही केली. बारा सह्या. सगळ्यांत शेवटच्या सहीला माझ्याकडे न बघता पुटपुटले, "उद्यापासून प्रत्येक कागद मी वाचणार." हे मला वाटलं त्यापेक्षा बरं होतं. तेव्हा कल्पना नव्हती. आता ते खरंच वाचतात, मोठ्यानं, आणि जिथं चूक नसते तिथंही थांबून माझ्याकडे बघतात.

मॅडमनी कागद घेतले. त्याही वाचणाऱ्याच निघाल्या. त्या ओळीवर बोट ठेवत नव्हत्या, नुसते डोळे खाली खाली जात होते, तळाशी गेले, आणि त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे, मग शेठकडे.

"फर्स्ट क्लास म्हणाला होतात ना?"

शेठ अर्धा क्षणही अडखळले नाहीत. छाती पुन्हा तेवढीच पुढं.

"आठवीत, मॅडम. आठवीत फर्स्ट क्लास."

चाचांना एकदम खोकला आला आणि ते पंपामागं गेले. मॅडमनी कागदांची सुरळी केली, मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वीस व्हॉल्व्ह पाठवतेय. तूच लिही. बेरीज मात्र करू नकोस." आणि हेल्मेट सारखं करून निघून गेल्या.

शेठ दिवसभर खूश होते. दोन गिऱ्हाइकांना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की आमच्याकडची मुलगी आठवीत फर्स्ट क्लास आहे, सगळी मापं तोंडपाठ. मी हसून मान हलवत राहिले. आमच्या वेळी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत आणि क्लासही देत नसत, नुसती श्रेणी असायची. माझी क-एक होती. शेठनी विचारलं तर मी खरं सांगणार आहे. अजून विचारलेलं नाही.